उलट्या दिशेचे आठ यार्ड

त्या वर्षी आमच्या घरात कुणी बसायचं नाही. बर्मिंगहॅममध्ये एकाला एक चिकटलेल्या विटांच्या घरांची रांग, त्यातलं आमचं मधलं; खाली दोन खोल्या, वर दोन, आणि त्या चार खोल्यांत आम्ही तिघं सारखे फिरतीवर. आई हॉस्पिटलच्या किचनमध्ये कामाला होती. तिची शिफ्ट कधी सकाळची, कधी दुपारची, त्यामुळे भाकरी थापतानाही तिच्या अंगात कोट असायचा. मी अठराचा. उन्हाळ्यात ए-लेव्हलची, म्हणजे तिथल्या बारावीची परीक्षा होती, म्हणून पुस्तक हातात धरून जिन्यात वरखाली करत पाठांतर करायचो. एका जागी बसलो की अक्षरं हलायला लागायची. आणि बाबा. बाबांचा कारखाना बंद पडला होता. सतरा वर्षं ते लेथपुढे उभे राहिले होते, आणि आता उभं राहायला जागा नाही म्हणून चालत होते. सकाळी काम शोधायला बसने जॉब सेंटरला जायचे आणि परत येताना चालत यायचे. आल्यावर स्वयंपाकघरातल्या नळाचा वॉशर बदलायचे. त्या हिवाळ्यात त्यांनी तो इतक्या वेळा बदलला की शेवटी नळ खरोखरच गळायला लागला.

रविवार त्यातल्या त्यात बरा. सकाळी कुणाच्या तरी घरी बुद्धवंदना, पांढरे कपडे, मेणबत्त्या, आणि मग चहाबरोबर आपल्या लोकांच्या चौकशा: कामाचं काही झालं का, मुलाचं कसं चाललंय. पहिला प्रश्न बाबांना नको असायचा, म्हणून ते दुसऱ्याचं उत्तर फार लांबवायचे. "मिलिंद युनिव्हर्सिटीत जाणार. आमच्या अख्ख्या खानदानात पहिला." कार्डिफच्या युनिव्हर्सिटीचं नुसतं सशर्त पत्र आलं होतं, मार्क पडले तर जागा, पण बाबा असं सांगायचे की जणू पदवीचा झगा शिवायला टाकून आलोय. घरी येऊन आई सुकट भाजायची. खिडक्या आणि मागचं दार सताड उघडं. बाहेरचा गारठा आत, आतला वास बाहेर. मग वरण, भाकरी, कांदा. जेवणं उभ्यानंच.

मी खरोखरच आमच्यातला पहिला पदवीधर झालो, आणि ते सांगताना मला आजही संकोच वाटत नाही. ज्यांच्याकडे पदव्या पिढ्यानपिढ्या पडून आहेत त्यांनी खुशाल लाजावं. पदवीबद्दल मी सभांमधून पुष्कळ बोललोय. तिच्याआधीच्या उन्हाळ्याबद्दल मात्र कुठे बोललेलो नाही.

टीव्हीवर तेव्हा एक नवं चॅनेल सुरू झालं होतं, आणि रविवारी संध्याकाळी त्यावर अमेरिकन फुटबॉल दाखवायचे. शाळेतली अर्धी मुलं त्यापायी वेडी झाली होती. मी लावला की बाबा दारात उभे राहून बघायचे, हात मागे बांधून, कारखान्यात दुसऱ्याचं मशीन बघावं तसे.

"हे काय बे? दोन सेकंद पळते आन पाच मिनिटं उभे राहाते."

"बाबा, ते प्लॅन करतात."

"पळायच्या आधी कराव न मंग."

पण ते बघत राहिले. तिसऱ्या-चौथ्या रविवारी ते आत आले, पाचव्या रविवारी त्यांनी मला नियम विचारले, आणि सहाव्या रविवारी मी स्वयंपाकघरात गेलो तर टेबलावरच्या मेणकापडावर ते आईला तोच खेळ शिकवत होते. एका बाजूला अकरा शेंगदाणे, दुसऱ्या बाजूला अकरा हरभरे, आणि मध्ये चेंडूच्या जागी एक खारीक, कारण आकार तोच. ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी मी इतक्या वर्षांनंतरही त्याहून सोपं काही सांगू शकत नाही, म्हणून बाबांचंच सांगतो.

खारीक ज्यांच्याकडे, त्यांना चार खेपा. चार खेपांत मिळून दहा यार्ड पुढे जायचं. गेले, तर पुन्हा नव्या चार खेपा. नाही गेले, तर खारीक समोरच्यांची. वाकून उभा असलेला माणूस पायांमधून चेंडू मागे देतो, तिथे खेप सुरू होते; चेंडूवाल्याला पाडलं की खेप संपली, आणि सगळे पुन्हा रांगेत. चेंडू घेऊन पळता येतं, नाहीतर रेषेच्या मागून एकदा पुढे फेकता येतो. फेकलेला कुणी झेलला नाही तर खेप फुकट गेली. ज्याच्याकडे चेंडू नाही त्याला ढकलावं, पण त्याला धरून ठेवायचं नाही. धरलं की पंच पिवळा रुमाल टाकतो आणि मागे जावं लागतं. समोरच्यांच्या टोकाची रेषा चेंडूसह ओलांडली की सहा गुण, आणि त्यानंतर लाथेनं चेंडू उंच दांड्यांमधून घातला की आणखी एक. तिथवर पोचता येत नसेल तर लांबूनच दांड्यांमधून मारायचा, त्याचे तीन. तेही जमण्यासारखं नसेल तर चौथ्या खेपेला बहुतेक जण चेंडू लाथेनं दूर उडवून देतात, म्हणजे समोरच्यांना निदान लांबून सुरुवात करावी लागते.

"आन हे पाह्य," बाबांनी खारीक उचलून शेंगदाण्यांच्या मागे, टेबलाच्या अगदी काठाशी ठेवली. "आपल्याच टोकाच्या रेषेमागं चेंडू घेऊन सापडला, तर त्याइले दोन गुण. वरून चेंडू बी त्याइलेच."

"म्हणजे कबड्डीच हाय," आई म्हणाली. "पसारा जास्त." आणि तिनं खारीक तोंडात टाकली, कारण तिची बस चुकत होती.

कबड्डी हा शब्द आमच्या घरात सहज काढायचा नव्हता. नागपूरला असताना बाबा वस्तीच्या संघात उजव्या कोपऱ्यावर खेळायचे. चढाईला आलेल्या गड्याचा घोटा धरायचा, हे त्यांचं काम. त्या धरलेल्या घोट्यांचा हिशेब आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ऐकावा लागायचा. कारखाना बंद पडल्यापासून तो विषय बंद होता.

मार्चमध्ये टेरी नावाच्या पोस्टमननं आमच्या भागात टीम काढली. माझ्या वर्गातला विन्स्टन चेंडू फेकणार होता. त्याचे वडील जमैकाहून येऊन बस चालवायचे आणि त्यांनाही हा खेळ पटत नव्हता. आम्ही बावीस जण आणि हेल्मेटं चौदा, तेव्हा जो मैदानात जाणार त्यानं बाहेर येणाऱ्याचं गरम, ओलं हेल्मेट डोक्यात घालायचं. पार्कातल्या सॉकरच्या खांबांना वर पाइप बांधून आमचे उंच दांडे झाले. बाबा मला सोडायला म्हणून आले आणि कडेला फेऱ्या मारत राहिले. आम्ही चेंडूवाल्याच्या छातीवर जाऊन आदळायचो आणि तो आम्हाला झटकून निघून जायचा. अर्ध्या तासानं बाबा टेरीजवळ गेले आणि त्यांच्या कारखान्यातल्या इंग्रजीत म्हणाले, "टॉप इज स्ट्राँग. बॉटम इज नॉट स्ट्राँग."

टेरी हसला. सहा फूट दोन इंच, दारासारखा रुंद. त्यानं चेंडू काखेत घेतला आणि म्हणाला, मग थांबवा मला.

बाबा तेव्हा एक्कावन्न वर्षांचे. अंगात मुलाखतीला घालायची पँट आणि आईनं विणलेला स्वेटर. टेरी निघाला, बाबा बाजूला सरकले, तो पुढे गेला असं वाटलं, आणि मग बाबा गुडघ्यावर बसले आणि टेरी पालथा पडला. दोन्ही हातांनी एक घोटा, बस. पुन्हा केलं, पुन्हा पडला. तिसऱ्या वेळी विन्स्टन म्हणाला, "मॅन, मला शिकव हे." मी त्यांना बाबा म्हणतो हे ऐकून सगळ्यांना वाटलं त्यांचं नावच बाबा. टेरीनं त्यांच्या गळ्यात शिट्टी घातली. त्या दिवसापासून बाबा रविवारची दाढी माझ्याआधी करायला लागले, वंदनेत कुणी कामाचं विचारलं तर सरळ "कोचिंग चालू हाय" म्हणायला लागले, आणि नळ सुखात गळत राहिला.

मला तेव्हा काय हवं होतं ते स्पष्ट सांगतो. मला जायचं होतं. ते घर, तो जिना, ती रस्ता संपेपर्यंत एकसारखी दारं, मला सगळ्याचा कंटाळा आला होता. रात्रंदिवस पायाला मुंग्या. पण बाबांना जॉब सेंटर आणि नळ यांच्यात सोडून मी कार्डिफला गेलो असतो, तर पहिल्याच सुट्टीत परत आलो असतो आणि इथल्या कुठल्या तरी दुकानाच्या काउंटरमागे उभा राहिलो असतो. स्वतःला ओळखत होतो मी. बाबा त्या मैदानावर टिकले तर मी जाऊ शकत होतो. माझं सगळं त्या शिट्टीवर होतं.

ऑगस्टमध्ये, परीक्षेचा निकाल यायच्या चार दिवस आधी, कार्डिफहून एक टीम भाड्याची बस करून आमच्याकडे खेळायला आली. कुत्री फिरवायला आलेली माणसं, आइस्क्रीमची व्हॅन, आणि कडेला शिट्टी घातलेले बाबा. आमचे गुण सात, त्यांचे सहा. शेवटचं मिनिट चालू होतं. ते आमच्या रेषेपासून दहा यार्डांवर आले होते आणि त्यांची चौथी खेप होती. त्यांचा लाथ मारणारा गडी पाय मुरगळून बाहेर बसला होता, म्हणून तीन गुणांचा नाद सोडून त्यांना पळणंच भाग होतं. त्यांचा पळणारा आला, विन्स्टननं त्याचा घोटा धरला, अगदी बाबांनी शिकवलं होतं तसा, आणि पडता पडता त्याच्या हातून चेंडू निसटला. आठ यार्डांच्या खुणेवर तो उड्या मारत होता. मी उचलला.

अशा वेळी एकच करायचं असतं: चेंडू पोटाशी घेऊन पडायचं. खेप संपली, चेंडू आपला, सामना आपला. टेरीनं हे शंभर वेळा सांगितलं होतं. पण मी उचलला आणि त्याच क्षणी तिघांनी मला धरलं, एकानं कंबर, एकानं दंड, एकानं मागून गळा, आणि माझ्या अंगाला तिघांनी धरल्यावर काय करायचं ते फार आधीपासून ठाऊक होतं. कबड्डीत पकडलेल्या गड्याचं एकच काम असतं. कसंही करून आपल्या बाजूची रेषा गाठायची. बोट टेकलं तरी वाचला. मी वळलो. कंबर सोडवली, खांदा खाली घातला, एकाला फरफटत नेलं, आणि आठ यार्ड घुसत जाऊन हात लांब करून आमच्याच टोकाच्या रेषेपलीकडे झेप घेतली. गवतावर पडल्या पडल्या मी हसत होतो. सुटलो असं वाटलं. माझ्या पाठीवर पडलेला कार्डिफचा मुलगाही हसत होता, पण त्याचं कारण वेगळं होतं.

दोन गुण त्यांना. आठ-सात. वर चेंडू त्यांनाच, आणि उरलेली वेळ त्यांनी नुसती उभं राहून घालवली.

टेरी ओरडणारा माणूस नव्हता, पण त्या दिवशी ओरडला. "त्या बाजूला पळायला कुणी शिकवलं तुला?" सगळे बघत होते. हेल्मेट काढलं तेव्हा कान जळत होते. मी बाबांकडे बोट केलं.

"यांनी. त्यांच्या गावच्या खेळात तसंच पळतात."

कुणीतरी फुसकन हसलं. बाबांनी गळ्यातली शिट्टी काढली, तिची दोरी तिच्याभोवती नीट गुंडाळली, कामावरून निघताना हत्यारं गुंडाळायचे तशी, आणि किटच्या बॅगेवर ठेवली. टेरीशी हात मिळवला. "थँक यू, टेरी." परतीच्या बसमध्ये ते वरच्या मजल्यावर जाऊन बसले. मी खाली बसलो.

निकाल चांगला लागला. कार्डिफची जागा पक्की झाली. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, "शाबास" म्हणाले आणि फिरायला निघून गेले. पुढच्या रविवारी ते मैदानावर आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. वंदनेत कुणी कोचिंगचं विचारलं तर चहाचा कप घेऊन दुसऱ्या खोलीत जायचे. कार्डिफच्या पत्रासोबत राहण्याच्या खोलीचा फॉर्म आला होता, तो मी भरला आणि पाठवला नाही. तीन दिवस खिशात घेऊन फिरलो.

आई पीठ मळता मळता म्हणाली, "काय बोलला तू त्यांना?"

"काही नाही."

"काही नाही, तर सकाळपासून दोनदा वॉशर काऊन बदलला त्यांनी?" मी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, हात धुतले, कोटाची बटणं लावली. "मले नको सांगू. मी मॅचले नव्हती."

बुधवारी सरावाला गेलो आणि सगळ्यांसमोर म्हणालो की मी खोटं बोललो, बाबांनी फक्त पकडायला शिकवलं, उलटं पळण्याची अक्कल माझी. टेरी चेंडूत हवा भरत होता. "बाबानं बावीस जणांना शिकवलं," तो म्हणाला. "उलटा पळालेला तू एकटाच. एवढं मलाही कळतं." आणि बॅगेतून शिट्टी काढून माझ्या हातात दिली. त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी जॉब सेंटरच्या दाराशी जाऊन थांबलो. बाबा बाहेर आले, मला पाहिलं आणि चालायला लागले. मीही बरोबर. कालव्याच्या काठानं, पुलाखालून, बंद पडलेल्या कारखान्यांच्या मागच्या भिंतींपाशी. त्यांची चाल फार वेगाची होती. मला अठराव्या वर्षी धाप लागली.

"बाबा, मी खोटं बोललो."

"कवा?"

"त्या दिवशी. तुम्ही मला तसं पळायला शिकवलं नव्हतं."

चाल न मोडता ते म्हणाले, "शिकवलं होतं. तू पाच वर्षांचा होता. मागच्या अंगणात तू चढाईले यायचा, मी तुले पकडायचो आन मुद्दाम सोडायचो. तू लाइन गाठायचा आन नाचायचा. हरवलं नाही मी तुले कधी." मग लगेच, "खोटं कुठं बोलला तू?"

मग मला कळेना. "मग तुम्ही येत का नाही?"

"त्यांच्या गावचा खेळ म्हणाला." पहिल्यांदाच त्यांची चाल मंदावली. "माझं गाव. तुझं नाही का बे ते?"

मी आयुष्यात पुष्कळ मुलाखती दिल्या, परीक्षकांसमोर बसलो, परीक्षक म्हणूनही बसलो. इतका साधा प्रश्न पुन्हा कुणी विचारला नाही. मी 'सॉरी' म्हणालो, इंग्रजीत, आणि मग मराठीत काय म्हणतात ते आठवेना म्हणून पुन्हा इंग्रजीत. शिट्टी पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही. "रविवारी पाहू," म्हणाले, आणि पुन्हा वेगात निघाले. घराच्या कोपऱ्यावरच्या पोस्टाच्या पेटीत मी खिशातला फॉर्म टाकला. चुरगळला होता, पण टाकला.

रविवारी त्यांनी दाढी केली. मैदानावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. टेरी नुसतं "बाबा" म्हणाला आणि थोडा सरकला, जणू त्यांची जागा अडवून उभा होता. बाबांनी माझ्या हातातून शिट्टी घेतली आणि पहिलं काम माझंच काढलं. मला आठ यार्डांच्या खुणेवर उभं केलं, तिघांना मला धरायला लावलं, माझे खांदे धरून मला दुसऱ्या टोकाकडे वळवलं आणि स्वतः तिकडे लांब जाऊन उभे राहिले.

"घर इकडं हाय आता," ते तिथून ओरडले. "ये."

मी सुटलो की अंग मागेच वळायचं. पहिल्या पाचही वेळा वळलं. विन्स्टन हसून लोळत होता. सहाव्या वेळी मी बाबांकडे पळालो. दर खेपेला ते दहा पावलं आणखी मागे सरकायचे, पार पलीकडच्या रेषेपर्यंत, मग रेषेच्याही मागे, रस्त्याच्या कुंपणापर्यंत. मी पळत होतो, माझी छाती फुटत होती, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा माझ्या पायांना दुसरीकडे कुठे जायचं नव्हतं.

"माझ्याकडं पाहून नको पळू," ते म्हणाले. "मी रोज नाही राहणार उभा. लाइनकडं पाह्य."

पुढच्या खेपेला तिघांनी मला जास्तच घट्ट धरलं. सुटायला वेळ लागला. सुटल्यावर वर पाहिलं तर कुंपणापाशी कुणी नव्हतं. नुसतं गवत, पांढरी रेषा, आणि पलीकडे एक बस थांबलेली. मी तरीही पळालो. रेषा ओलांडली, कुंपणाला हात टेकले आणि श्वास घेत मागे वळून पाहिलं. दूर मैदानाच्या मधोमध बाबा गुडघ्यावर बसले होते. शिट्टी त्यांच्या तोंडात होती आणि एका नव्या, लठ्ठ मुलाचा घोटा दोन्ही हातांत धरून ते त्याला काहीतरी समजावत होते. माझ्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं.